थिनरने पुसलेलं नाव जातं कुठे?

पावसाळा ओसरला की मोबाइलवर एक ठरावीक चित्रफीत फिरायला लागते. कुठल्यातरी गडाचा दरवाजा, आतल्या देवडीच्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या ओवरीच्या, भिंतीवर ऑइल पेंटने काढलेला बदाम, बदामात दोन नावं, आणि ती नावं तारेच्या ब्रशने खसाखसा घासणारी पाच-सहा पोरं. शेजारी थिनरचा डबा. खाली प्रतिक्रियांमध्ये 'मानाचा मुजरा'. मुजरा योग्यच आहे. रविवारची झोप मोडून, पाण्याचे कॅन पाठीवर घेऊन श्रमदानाला गड चढणाऱ्या मंडळींबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. शंका त्या डब्याबद्दल आणि त्या ब्रशबद्दल आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. आता गर्दी वाढणार, नावं लिहिणारे वाढणार आणि नावं पुसणारेही वाढणार. म्हणून हे आत्ताच बोललेलं बरं.

घोटाळा एका साध्या समजुतीत आहे: रंग दगडाच्या वर बसलेला असतो, खरवडला की निघतो. काचेवरच्या रंगाबद्दल हे खरं आहे. दगडाबद्दल नाही, कारण दगडाला आत जाणाऱ्या वाटा असतात.

सह्याद्रीचा कातळ म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेला लाव्हा. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो. वरच्या भागात मात्र थंड होताना वायूचे बुडबुडे अडकलेले असतात, आणि त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट अशी खनिजं भरलेली असतात. गडाच्या चिऱ्यांत जागोजाग दिसणारे पांढरे ठिपके ते हेच. शिवाय ऊनपावसात शतकानुशतकं राहिलेल्या चिऱ्यावर झिजलेल्या दगडाचा एक तपकिरी-करडा पापुद्रा तयार झालेला असतो. हा पापुद्रा आतल्या कातळापेक्षा बराच सच्छिद्र असतो आणि नाव लिहिणाऱ्याचा रंग नेमका त्याच्यावरच पडतो.

आता रंगाकडे. कुठल्याही रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात: रंग देणारे बारीक कण, कणांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि सगळं पातळ ठेवणारा द्रावक. ऑइल पेंट नुसता सुकत नाही, तो पक्का होतो. आधी द्रावक उडून जातो, मग हवेतला ऑक्सिजन तेलाच्या रेणूंमध्ये पूल बांधू लागतो आणि आठवड्या-महिन्यांत सगळ्या थराचं एक सलग जाळं होतं. ते जाळं थिनरमध्ये विरघळत नाही, फार तर फुगतं. मार्करची गोष्ट निराळी. त्यातला रंग अल्कोहोलसारख्या द्रावकात पूर्ण विरघळलेला असतो, त्यामुळे तो पहिल्या क्षणापासून दगडात शिरतो आणि वर्षभरानंतरही द्रावक लागला की पुन्हा विरघळून चालू लागतो. व्हाइटनर या दोघांच्या मधला: टायटॅनियम डायऑक्साइडचे कण, आकार साधारण पाव मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चार हजारावा भाग.

घट्ट रंग दगडात फार खोल जात नाही, कारण तो घट्ट असतो. ताज्या रंगावर किंवा मार्करवर थिनर ओतला की आपण काय करतो? वर अडकून बसलेल्या रंगाचं पातळ, रंगीत पाणी करतो आणि ते एका तहानलेल्या वस्तूवर सोडतो. वरून फडक्याने निम्मं टिपलं जातं, उरलेलं आत. दोन तासांनी थिनर उडून जातो, रंग मागे राहतो आणि दगडावर एक धुरकट सावली दिसते. ती आता ब्रशच्या आवाक्याबाहेर असते. शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. पण ही तहान म्हणजे काय ते नीट पाहायला हवं, कारण रंग आत नेणारं बल तेच आणि बाहेर काढायला उपयोगी पडणारं बलही तेच.

शाळेत केशाकर्षण शिकलेलं असतं: बारीक नळीत पाणी आपोआप वर चढतं आणि नळी जितकी बारीक तितकं उंच. दगडातलं एखादं छिद्र एक मायक्रॉन त्रिज्येचं धरा. पाण्याच्या पृष्ठताणावरून हिशेब केला तर अशा छिद्रात पाणी खेचणारा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे १.४ पट येतो. उभ्या नळीच्या भाषेत, पाणी जवळपास १५ मीटर चढेल एवढा! दहा मायक्रॉनच्या छिद्रात तोच दाब दहावा हिस्सा होतो. थिनरचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून त्याची ओढही कमी. पण तो तेलकट, मळकट दगडालाही सहज भिजवतो आणि पाण्यापेक्षा पातळ असतो, त्यामुळे वेगात तो फार मागे पडत नाही. आदर्श सरळ नळीत असा द्रव पहिल्या सेकंदातच काही मिलिमीटर आत जाऊ शकतो. दगडातल्या वाटा वाकड्यातिकड्या असल्याने प्रत्यक्षात वेग कमी असतो, तरी घासणाऱ्या हातापेक्षा तो पुढेच असतो.

म्हणून संवर्धनाच्या रसायनशास्त्रातला पहिला नियम: रंगाला हात लावण्याआधी दगड साध्या पाण्याने चिंब करा. छिद्रं पाण्याने भरलेली असली की वरून आलेल्या रंगीत द्रवाला ओढून घ्यायला आत रिकामी जागाच नसते. आणि दुसरा नियम, माझा आवडता: घासू नका, लेप द्या.

लेप म्हणजे बारीक माती किंवा कागदाचा लगदा, योग्य त्या द्रवात कालवून भिंतीवर थापायचा. ताजमहालाचा संगमरवर पिवळट पडू लागला तेव्हा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९९४ पासून त्याला मुलतानी मातीचे लेप दिले. चेहऱ्याला मुलतानी माती लावणाऱ्यांना तो सुकतानाचा ताण माहीत असतो, जणू कातडीतून काहीतरी ओढलं जातंय. दगडाच्या बाबतीत खरोखरच ओढलं जातं. आधी लेपातला द्रव दगडात शिरतो आणि डाग सैल करतो. मग लेपाच्या बाहेरच्या अंगाने बाष्पीभवन सुरू होतं, तिथला द्रव कमी होतो आणि त्याची जागा घ्यायला आतला द्रव बाहेरच्या दिशेने वाहतो. सोबत विरघळलेला रंग येतो. द्रव हवेत उडतो, रंग मातीत अडकतो. माती सोलून टाकायची.

इथे एक मेख आहे आणि ती कळली की हा सगळा विषय कळतो. ओली वस्तू वाळताना मोठी छिद्रं आधी रिकामी होतात, लहान छिद्रं आपला द्रव शेवटपर्यंत सोडत नाहीत. वरचा दाबाचा हिशेब आठवा. आता दगड आणि लेप ही चिकटलेली जोडी पाहा. लेपाची छिद्रं दगडापेक्षा बारीक असतील तर वाळताना आधी दगड रिकामा होतो, लेप ओला राहतो, प्रवाह आतून बाहेर. हेच आपल्याला हवं. पण लेपाची छिद्रं दगडापेक्षा मोठी असली तर आधी लेपच कोरडा पडतो. दोघांतली द्रवाची साखळी तुटते, बाष्पीभवनाची रेषा मागे सरकून दगडाच्या आत जाते आणि सैल झालेला रंग तिथेच जमा होतो. म्हणजे लेप देऊनही डाग आत ढकलला जातो! त्यामुळे एकच 'रामबाण' लेप अशी चीज अस्तित्वात नाही. झिजलेल्या पापुद्र्याला केओलिनसारखी बारीक माती चालते, ती सुकताना तडकू नये म्हणून थोडी वाळू आणि लगदा मिसळतात.

घट्ट बेसॉल्टचं काय? त्याची छिद्रं इतकी बारीक की मातीचा लेप ही स्पर्धा हरण्याचीच शक्यता जास्त. तिथे वाळवण्याचा नाद सोडून लेपावर प्लास्टिक पांघरतात आणि तो ओलाच ठेवतात. आता वाहणं नाही, फक्त विसरण: जिथे रंग जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे रेणू स्वतःच्या धडपडीने जातात. हे फार सावकाश चालतं आणि अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो. एक मिलिमीटर खोलीवरचा मार्करचा रंग काही तासांत बाहेर येईल, एक सेंटिमीटरवरच्याला काही आठवडे ताजे लेप बदलत बसावं लागेल. आणि व्हाइटनरचा पाव मायक्रॉनचा कण म्हणजे रेणूच्या मानाने डोंगर, त्याचं विसरण शेकडो पटींनी मंद. तो आत गेला की विसरणाने बाहेर येत नाही, एवढंच समजून चाला.

हे सगळं बाजूला ठेवून 'घरगुती उपाय' सांगणाऱ्यांचीही कमी नाही. लिंबू आणि खायचा सोडा एकत्र करून लावा, फेस येईल, नाव जाईल! फेस येतो, कारण आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. उरतं ते सोडियम सायट्रेटचं खारट पाणी. लिंबू नुसतं लावलं तर रंगाला काही होत नाही, पण चिऱ्यांच्या सांध्यांतला चुना आणि दगडातलं कॅल्साइट मात्र विरघळतं. बाथरूम धुण्याचं ॲसिड याहून वाईट. बेसॉल्टमध्ये लोहाची ऑक्साइडं वजनाने दहा टक्क्यांच्या वर असतात, ॲसिड ते लोह सोडवून बाहेर आणतं आणि बदामाच्या जागी गंजाचा ओघळ उमटतो. कॉस्टिक सोडा ऑइल पेंटचं जाळं खरोखर तोडतो, पण मागे राहिलेले क्षार दर पावसात विरघळतात, दर उन्हात स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सोडवतात.

ओघात शेंदराबद्दलही सांगायला हवं. गडावर कुठलाही सुटा दगड, तोफ किंवा कोनाडा दिसला की त्याला तेल-शेंदूर फासणारे भक्त आहेत. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. जवसाच्या तेलात तोच कालवून लोखंडी पुलांना गंज रोखण्यासाठी लावत असत, इतका तो चिवट असतो. म्हणजे त्या भक्ताने आणि बदाम काढणाऱ्या प्रेमवीराने रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच काम केलेलं असतं. कातळाचं पावित्र्य तेलाने वाढत नाही. आणि असा थर कोरडा घासणाऱ्या स्वयंसेवकाच्या फुप्फुसात शिशाची धूळ जाते, याची जबाबदारी कोणत्या देवावर टाकणार?

लेझरने चुटकीसरशी साफ होतं, असंही ऐकू येतं. संगमरवरावर ते शोभतं. काळा मळ प्रकाश शोषून उडून जातो, खालचा पांढरा दगड प्रकाश परतवतो आणि काम आपोआप थांबतं. बेसॉल्ट स्वतःच काळा. तो थांबा इथे भरवशाचा नाही. 'रंग चिकटणारच नाही' असं सांगून विकल्या जाणाऱ्या लेपनांबद्दल एवढंच, की वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या घाटमाथ्यावर दगडात मागच्या बाजूने शिरलेलं पाणी पुढून बाहेर पडायला वाट लागतेच.

तारेच्या ब्रशचा हिशेब सोपा आहे. तो रंगासोबत पापुद्रा काढतो, दगडफूल काढतो, आणि त्याच्या तारांचे तुटलेले कण दगडात अडकून गंजतात. ताजा खरवडलेला बेसॉल्ट फिकट दिसतो. अक्षरांपुरतंच घासलं, तर रंगातलं नाव जाऊन तेच नाव फिकट दगडात उमटतं, आणि तो पापुद्रा पुन्हा जमायला कैक पिढ्या लागतात. शिवाय घासणाऱ्याला खाली काय आहे ते माहीत हवं. नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख दोन हजार वर्षांचा आहे, भारतातली काही अत्यंत जुनी संख्याचिन्हं त्यात आहेत, आणि तीही खडकावरचीच अक्षरं आहेत. झिजलेलं ब्राह्मी अक्षर आणि खिळ्याने ओरखडलेलं आजचं नाव यांत तिरप्या उजेडाशिवाय फरक कळत नाही. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख घालून आपलं नाव ओरखडलं. ते आज कोणी पुसायला गेलं तर त्यालाच अडवतील, कारण लेण्यांच्या नव्या शोधाचा तोच पुरावा झालाय.

संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्याला १९५८ च्या केंद्रीय कायद्याने, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ग्राइंडर घेऊन चढलेल्या सद्हेतूच्या माणसानेही हे कलम एकदा वाचावं. परवानगी पुरातत्त्व खात्याची लागते, ती पत्रावर घ्यावी. खात्याचे रसायनतज्ज्ञ सोबत आले तर उत्तमच. खडू-कोळशाने लिहिलेलं पुसणं मात्र स्वयंसेवकांना चांगलं जमतं. आधी कोरडा मऊ ब्रश, मग पाणी. उलट क्रम केला तर पाणी कोळशाची पूड आत नेतं. घट्ट चिऱ्यावर पापुद्र्यासारखा सुटत असलेला ऑइल पेंट बांबूच्या किंवा लाकडी पट्टीने काढता येतो. बाकी सगळ्याआधी फोटो, मोजपट्टीसह, आणि न दिसणाऱ्या कोपऱ्यात बोटभर जागेवर चाचणी.

राहता राहिला वेळेचा पेच. गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये, नावंही तेव्हाच. पण धुक्यात हवा ओलसर असते, वाळणारा लेप वाळतच नाही. तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच काम करतो आणि तोवर ऑइल पेंटचं जाळं पक्कं झालेलं असतं. निदान मार्करपुरता मार्ग त्या पावसातच आहे. तेव्हा उघड्यावरच्या दगडाची छिद्रं पाण्याने आधीच भरलेली असतात, रंग खोल गेलेला नसतो, आणि प्लास्टिकखाली ओला ठेवायचा लेप असला तर दमट हवेचं काही बिघडत नाही. अडचण देवड्यांची. तिथे छप्पर आहे, दगड कोरडा आहे, आडोसा आहे, म्हणून लिहिणारे तिथेच जमतात. त्या भिंतींना, फक्त पिण्यायोग्य गोड्या पाण्याने आणि तेही लेपाच्या आदल्या संध्याकाळपासून, पुन्हा पुन्हा भिजवावं लागतं.