क्वालिटी १०० म्हणजे मूळ फोटो नव्हे

पिंगुळीच्या चित्रकथीतली (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला) किंवा सावंतवाडीच्या गंजिफ्यावरची (हाताने रंगवलेला खेळायचा पत्ता) आकृती ट्रेस करायची, म्हणजे संगणकावर रेषांमध्ये उतरवायची असेल, तर आधी फोटो जेपेगमध्ये क्वालिटी १०० वर पुन्हा सेव्ह करा, रेषा स्वच्छ होतात, असा सल्ला कोकणात डिझाइनचं काम करणाऱ्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

१०० ही टक्केवारी नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल लहान करण्याचं काम, किती हलक्या हाताने करायचं, एवढंच तो आकडा सांगतो. फोटोशॉपच्या 'सेव्ह ॲज'मध्ये हीच पट्टी ० ते १२ असते. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येकातला बारीक तपशील ढोबळ करून साठवतं. व्हॉट्सॲपवरून येताना जे गेलं, ते कुठल्याच आकड्याने परत येत नाही. फाइल तेवढी फुगते.

ट्रेसिंगला याचा फटका मोठा. काळ्या रेषेलगत झूम करून बघा, कोऱ्या जागेत राखाडी ठिपक्यांची गर्दी दिसेल. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधलं ट्रेस बिटमॅप त्यांनाही आकार समजतं आणि रावणाच्या तोंडांभोवती नको ते नोड, म्हणजे रेषेचे बिंदू, उगवतात. हाताने साफ करताना अस्सल कुंचल्याची लयही पुसली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, तसा तो पुन्हा कॉम्प्रेस होत नाही; जमलं तर चित्र स्कॅन करून पीएनजी किंवा टिफमध्येच ठेवा. जेपेग नुसता उघडून बघितल्याने खराब होत नाही, हेही सांगायला हवं. पुन्हा जेपेगमध्ये सेव्ह केला तरच झीज होते.