कलम 342 आणि घरातली तोडफोड

मुंबईत घराच्या आत फेरबदल करायला परवानगी लागते का, याचं उत्तर 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात आहे. कलम 342 प्रमाणे बांधकामात भर घालायची, फेरबदल करायचे किंवा वापर बदलायचा, तर आयुक्तांना आधी नोटीस द्यायची. यातून 'टेनंटेबल रिपेअर'ला, म्हणजे घर राहण्याजोगं ठेवणाऱ्या किरकोळ दुरुस्तीला, सूट आहे: गिलावा, रंग, फरशी, संडास-बाथरूमची दुरुस्ती, नळ, ड्रेनेजचे पाईप, विजेची फिटिंग. सूट रास्त आहे. नळ बदलायला वॉर्ड ऑफिस गाठायला लावलं तर लोक सगळंच लपूनछपून करतील. मेख पुढे आहे. कुठलं काम या सूटमध्ये बसतं, हे प्रत्यक्षात कंत्राटदारच ठरवतो.

साधी फरशी घ्या. डेब्रिज उचलायचा खर्च वाचावा म्हणून जुनी तशीच ठेवून वर 50 मिमी सिमेंट-वाळूचा मसाला आणि 20 मिमी संगमरवर टाकला, तर चौरस मीटरला साधारण 160 किलो वजन वाढतं. राहत्या खोलीचा स्लॅब माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास भार धरून आखलेला असतो. म्हणजे घरात कपाट यायच्या आधीच बरीचशी सवलत संपली. कन्सील्ड (आत दडवलेल्या) पाईपसाठी कॉलमला, म्हणजे खांबाला, खाच मारणं तर त्याहून वाईट: सळईवरचं 40 मिमी काँक्रीटचं कव्हर जातं, ओल शिरते, गंज फुगतो आणि उरलेलं काँक्रीटही सुटतं.

दुकानासाठी मधला कॉलमच काढला, तर बीमचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, दुप्पट होतो आणि गाळ्याच्या मध्यावरचं वाकवणारं बल ढोबळमानाने चौपट. शिवाय आधारावर, म्हणजे कॉलमच्या जागी, बीमची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. कॉलम गेला की तीच जागा गाळ्याचा मध्य होते, ताण खालच्या बाजूला येतो आणि तिथे पुरेशी सळईच नसते.

बोरिवलीची लक्ष्मीछाया इमारत 18 जुलै 2007 रोजी कोसळली. तळमजल्यावरच्या दुकानाच्या कामात खांबांना हात लावल्याचं तेव्हा समोर आलं. माझगावची इमारत 27 सप्टेंबर 2013 ला पडली, 61 जण गेले. ती खुद्द महापालिकेच्या मालकीची होती आणि तळमजल्यावरच्या फेरबदलांवरच बोट ठेवलं गेलं. 25 जुलै 2017 ला घाटकोपरची सिद्धी साई पडली, 17 बळी. तिथेही तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं.

कायद्यात कलम 353 ब आहे. 30 वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीयरचं स्थैर्य प्रमाणपत्र लागतं. पण प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसाचं असतं. तोडफोडीचं ब्रेकर मशीन त्यानंतर कधीही चालतं. म्हणून सोसायटीने काम सुरू व्हायच्या आधी मूळ आरसीसी (सळईयुक्त काँक्रीटच्या सांगाड्याचा) नकाशा मागवावा, कॉलम-बीमवर खडूने खुणा कराव्यात आणि 230 मिमीची भिंत इंजिनीयरने लेखी दिल्याशिवाय पाडू देऊ नये. जुन्या, आरसीसी सांगाडा नसलेल्या इमारतींत हीच भिंत वरचे मजले पेलत असते.