ओमानमधील शिष्टाचार

अरबी द्वीपकल्पाच्या आग्नेय टोकाशी वसलेल्या ओमानच्या सल्तनतीत पाहुण्याने घरी, कचेरीत आणि सार्वजनिक ठिकाणी पाळावयाचे संकेत. त्यांचा पाया इस्लामी आचारात आहे. मात्र पाहुणचाराच्या टोळीपरंपरा आणि शतकानुशतकांचा सागरी व्यापार यांचाही त्यांवर ठसा आहे. लोकसंख्येत इबादी, सुन्नी व शिया असे तिन्ही पंथ नांदतात आणि पंथभेदाचा विषय चारचौघांत काढणे अप्रशस्त मानले जाते. भेटीत आधी माणसाची विचारपूस आणि मग काम हा क्रम ओमानी माणूस सहसा मोडत नाही. घाईत असलेल्या परक्या व्यापाऱ्याचा पहिला गोंधळ येथेच होतो.

‘अस्सलामु अलैकुम’ या अभिवादनाला ‘व अलैकुम अस्सलाम’ असे उत्तर दिल्यावर प्रकृती, कुटुंब, प्रवास यांची चौकशी सुरू होते. ती केवळ उपचार म्हणून उरकू नये, कारण ग्रामीण भागात एकमेकांची ‘खबर’ विचारण्याची ही देवाणघेवाण बराच वेळ चालते. कुटुंबाची खुशाली विचारावी, परंतु पुरुषाकडे त्याच्या पत्नीचा वा मुलींचा वेगळा उल्लेख करून चौकशी करू नये. पुरुषांमध्ये हस्तांदोलन बराच वेळ टिकते. स्त्रीने स्वतः हात पुढे केला तरच परपुरुषाने तो मिळवावा, एरवी उजवा हात छातीवर ठेवून किंचित झुकणे पुरते. नावांत ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘बिन्त’ म्हणजे अमक्याची मुलगी, त्यामुळे संबोधताना आडनावाऐवजी पहिले नाव घेतात आणि त्यापूर्वी शेख, डॉक्टर, इंजिनिअर यांसारखी उपाधी जोडतात. ‘सय्यद’ ही उपाधी ओमानमध्ये मुख्यतः राजघराण्यातील व्यक्तींना लावली जाते.

पाहुणचाराचे केंद्र म्हणजे मजलिस, अर्थात बैठकीची खोली. गावाच्या सामाईक बैठकीला ‘सबला’ म्हणतात. 2015 मध्ये युनेस्कोने मजलिस आणि अरबी कॉफी या दोहोंची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली. ओमान त्या दोन्ही प्रस्तावांत सहभागी होता. पादत्राणे दाराशी काढून आत यावे, बसलेल्यांशी उजवीकडून क्रमाने हात मिळवावा आणि बसताना पायाचा तळवा कोणाच्या दिशेने येणार नाही याची काळजी घ्यावी. प्रथम खजूर किंवा हलवा येतो आणि त्यामागून वेलदोडा घातलेला, बिनसाखरेचा कहवा, म्हणजे अरबी कॉफी. वाढणारा डाव्या हातात ‘दल्ला’ हे चोचीचे भांडे धरतो व उजव्या हाताने ‘फिंजान’ नावाचा बिनकानाचा छोटा पेला पुढे करतो. पेल्यात कहवा तळाशी थोडाच ओततात. तो काठोकाठ भरणे अप्रशस्त समजले जाते. पहिला पेला नाकारणे बरे दिसत नाही, दोन-तीन पेले घेण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. पुरे झाल्याची खूण म्हणजे रिकामा पेला बोटांत धरून हलकेच हलवणे. तो नुसता परत दिल्यास पुन्हा भरून येतो, आणि ‘नको, नको’ असे म्हणणे यजमानाला आग्रहाचे निमंत्रणच वाटते.

जेवण बहुधा जमिनीवर अंथरलेल्या चटईभोवती, भात व मांसाच्या सामाईक परातीतून उजव्या हाताने होते. हाताने जेवणाऱ्या मराठी माणसाला यात अवघड काही नाही. मात्र परातीत आपल्या समोरच्या भागातूनच घास घ्यावयाचा असतो. शेवटी लोबान किंवा ऊद यांचा धूप फिरवला जातो. ‘ऊदानंतर बैठक नाही’ अशा अर्थाची म्हण आखाती अरबांत रूढ असल्याने तो आला की निरोप घ्यावा.

कामकाजाचा आठवडा रविवार ते गुरुवार असा असतो. 2013 पूर्वी साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवार असे. महत्त्वाच्या भेटी सकाळी ठेवाव्यात आणि नमाजाच्या वेळा टाळाव्यात. बैठक चालू असताना दुसरे पाहुणे येणे, यजमानाने दूरध्वनी घेणे हे अनादराचे लक्षण नव्हे. स्पष्ट नकार चारचौघांत क्वचितच दिला जातो, म्हणून ‘इन्शाअल्ला’चा (ईश्वराची इच्छा असेल तर) अर्थ स्वरावरून आणि पुढच्या हालचालीवरून ओळखावा लागतो. कागदी करार महत्त्वाचा असला तरी संबंध जुळल्याशिवाय तो पुढे सरकत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

पोशाखात खांदे व गुडघे झाकलेले असावेत. मस्कतमधील सुलतान काबूस भव्य मशीद 2001 मध्ये खुली झाली. तेथे बिगरमुस्लिमांना शुक्रवार सोडून सकाळच्या वेळी प्रवेश मिळतो व स्त्रियांना केसही झाकावे लागतात. रमजानमध्ये दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणे, पिणे व धूम्रपान करणे हा दंडनीय गुन्हा आहे. मद्य परवानाधारक हॉटेलांत मिळते, परंतु ते पिऊन रस्त्यावर वावरणे महागात पडते. सुलतानावर टीका करणे कायद्यानेच निषिद्ध आहे. स्त्रियांचे छायाचित्र परवानगीशिवाय घेऊ नये.

भारतीयांचा येथील वावर जुना आहे. 1970 पर्यंत ओमानमध्ये भारतात छापलेला आखाती रुपया व त्याच्या जोडीने इतर नाणी चालत, आणि आजच्या रियालच्या हजाराव्या भागाचे ‘बैसा’ हे नाव आपल्या पैशावरूनच आले. मस्कतमधील कच्छी व्यापारी घराण्याचे कनकसी खिमजी यांना शेख ही पदवी मिळाली होती. मस्कतच्या मत्रह भागातील बाजारात हिंदी सहज समजते, त्यामुळे दुकानदाराला कळणार नाही अशा समजुतीने त्याच्यादेखत हिंदीत केलेली शेरेबाजी तो निमूटपणे ऐकून घेतो आणि बहुधा त्यानंतरच भाव सांगतो.