पऱ्हाटीपासून इंधन

पऱ्हाटी (कपाशीच्या वाळल्या काड्या), तुराटी, धानाचे तणस अशा शेतातल्या काडीकचऱ्यातील साखर मोकळी करून जनुकबदल केलेल्या जिवाणूंकडून तिचे इथेनॉल किंवा औद्योगिक रसायने बनवून घेण्याची पद्धत.

साखर आंबवणे विदर्भाला नवे नाही. गडचिरोलीकडे मोहफुले भिजत घालतात आणि पुढचे काम किण्व (यीस्ट) आपणहून करते. मोहफुलातली साखर उघडीच असते. वाळले फूल जिभेवर ठेवले तरी गोड लागते. पऱ्हाटी चावली तर मात्र लागते नुसते लाकूड. तिच्यातली साखर सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजच्या साखळ्यांत अडकलेली असते, भोवती लिग्निन या कडक द्रव्याचे लिंपण. म्हणून काड्यांचा चुरा करून त्याला सौम्य आम्ल व वाफ देतात, मग साखळ्या तोडणारी विकरे (एन्झाइम) सोडतात. या खटाटोपात फुरफुराल नावाचे रसायन तयार होते आणि ते जिवाणूंनाच बाधते.

बाहेर पडलेली साखरही एकजात नसते. सेल्युलोजपासून ग्लुकोज मिळते, हेमिसेल्युलोजपासून मुख्यतः झायलोज. नेहमीचे यीस्ट झायलोजला तोंड लावत नाही. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू दोन्ही खातो, पण त्याच्या हातून इथेनॉल थोडे आणि लॅक्टिक, ॲसेटिक, सक्सिनिक अशी आम्लेच जास्त होतात. फ्लोरिडा विद्यापीठात लॉनी इन्ग्रॅम यांच्या गटाने १९८०च्या दशकात झायमोमोनास या जिवाणूची दोन जनुके त्याच्यात घातली आणि खाल्लेल्या साखरेची वाट इथेनॉलकडे वळवली. (झायमोमोनास ताडाच्या आंबलेल्या रसातही सापडतो, म्हणजे गुण शेवटी ताडीचाच!) या शोधाला १९९१ मध्ये अमेरिकेचे ५०,००,००० क्रमांकाचे पेटंट मिळाले. उलट, नको त्या वाटांची जनुके काढून टाकली की असाच जिवाणू प्लॅस्टिकसाठी लागणारे लॅक्टिक आम्ल देतो.

१ किलो ग्लुकोजपासून फार तर सुमारे ५१० ग्रॅम इथेनॉल निघते. उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. शिवाय ई. कोलायला यीस्टइतकी तीव्र दारू सोसत नाही. मिश्रण पातळ राहते आणि ऊर्ध्वपातनाला इंधन जास्त लागते.

विदर्भात खरी अडचण त्याही आधीची आहे. उलंगवाडीनंतर (कापूस वेचणी संपल्यावर) पऱ्हाटी उपटायला मजूर लावावे लागतात आणि ट्रॉली डोंगरासारखी भरली तरी वजन थोडेच भरते. धुऱ्यावर (बांधावर) रचून ठेवावी तर वाळल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते, म्हणून बरेच जण ती वावरातच पेटवून देतात. पण सगळीच जळत नाही: शेत नसलेल्या घरच्या बाया चुलीसाठी तिचे भारे नेतात. पऱ्हाटीला कारखान्याचा भाव आला, तर पहिली ओढाताण त्या भाऱ्याची होईल.