पार्श्वभूमी : कामावरची सायकल आणि तिचा तोरा

जळगाव-धुळ्याकडच्या मित्रमंडळींचे सकाळचे स्टेटस चाळले, तर अधूनमधून एक ठरावीक फोटो येतो. ऑफिसच्या भिंतीला टेकवलेली सायकल. उजवी बाजू कॅमेऱ्याकडे, म्हणजे चेन आणि गिअर नीट दिसतात. पायडल मुद्दाम आडवं लावलेलं, हँडलला हेल्मेट अडकवलेलं. खाली ओळ : ‘आज पुन्हा सायकलनं कामावर.’ फोटो टाकणारा बँकेत असतो, कॉलेजात शिकवतो, नाहीतर दवाखाना चालवतो. त्याच्या घरी चारचाकी असते आणि ती आहे हे बघणाऱ्यांनाही ठाऊक असतं. ते ठाऊक नसेल तर फोटोची निम्मी गंमत गेली.

आमच्या घरात आजोबांचा एक फोटो आहे, अमळनेरच्या स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं. आजोबा सायकलचं हँडल धरून उभे आणि मनगटावरचं घड्याळ दिसावं म्हणून बाही वर सरकवलेली. सायकल त्यांची नव्हती. घड्याळही नव्हतं, असं आजी सांगायची. दोन्ही स्टुडिओवाल्याचं. स्वतःची सायकल घ्यायला त्यांना पुढं कैक वर्षं लागली. ती आल्यावर मात्र तिच्यासोबत त्यांनी एकही फोटो काढला नाही. तिच्यावर बसून ते मिलमध्ये जाऊ लागले.

स्टुडिओतली उसनी सायकल ते ऑफिसच्या भिंतीला टेकवलेली सायकल, एवढ्या वाटेचा हा मागोवा.

खान्देशात सायकलच्या आधी आगगाडी आली. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, हे सायकलचं आजचं रूप १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्लीच्या ‘रोव्हर’नं रुळवलं. १८८८ मध्ये डनलॉपनं हवेचा टायर आणला. तोवर भुसावळला रेल्वे येऊन वीसेक वर्षं झाली होती. सुरुवातीच्या सायकली अर्थातच साहेबांच्या, वकिलांच्या, डॉक्टरांच्या. बीएसए, हंबर, रॅले, हर्क्युलिस, फिलिप्स ही नावं आजही जुन्या माणसांच्या तोंडी नातेवाइकांसारखी येतात.

सायकल खाली उतरली ती पगारदार माणसापर्यंत. शेतकऱ्याकडे बैलगाडी होती आणि त्याचं काम बांधावर होतं. ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी पोचायची सक्ती ज्याला होती, त्याला सायकल हवी होती. १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि धुळ्याच्या जोडीला जळगावही जिल्ह्याचं ठिकाण झालं. कचेऱ्या वाढल्या, कारकून वाढले. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, शिवाय धुळे आणि चाळीसगावच्या गिरण्या, यांचे भोंगे तर अख्ख्या गावाचं घड्याळ होते. अमळनेरलाच १९४५ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढची विप्रो. भोंगा व्हायच्या आत फाटकात शिरायचं, तर पायी येणाऱ्यापेक्षा सायकलवाल्याला अर्धा तास जास्त झोप मिळे. माझ्या मते खान्देशातल्या सायकलचं खरं मूळ या अर्ध्या तासात आहे.

जमीनही तिच्या बाजूची. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधे तापी-गिरणेचं सपाट खोरं. गिअर नसलेली, वीसेक किलोची जड सायकल इथं विनासायास चालते. मात्र त्याच खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात सूड उगवते. चिखल मडगार्डात असा गच्च बसतो की चाक फिरतच नाही. मग खाली उतरायचं, काडीनं चिखल उकरायचा, दहा पावलं जायचं, पुन्हा उकरायचा. शेवटी माणूस सायकलवर नसतो, सायकल माणसाच्या खांद्यावर असते. खेड्यावरच्या शाळेत जाणाऱ्या मास्तरांना हे दृश्य चांगलं ओळखीचं. उन्हाळ्यात बाभळीचे काटे, आणि पारा पंचेचाळिसाला टेकला की उन्हात उभ्या केलेल्या सायकलची ट्यूब दुपारी फटाक्यासारखी फुटायची. म्हणून मिस्तरी एप्रिल लागला की हवा जरा कमीच भरत.

स्वातंत्र्यानंतर सायकली इथंच बनू लागल्या. मद्रासकडे टीआय सायकल्स ही कंपनी १९४९ मध्ये, सोनिपतला ॲटलस १९५१ मध्ये, लुधियानात हीरो १९५६ मध्ये. साचा मात्र जुना इंग्रजीच राहिला : काळा रंग, दांड्याचे ब्रेक, पुढं आडवी नळी, बावीस किंवा चोवीस इंची फ्रेम. आमच्या पिढीतली मुलं वडिलांच्या चोवीस इंचीवर नळीखालून पाय घालून, कैची मारतच शिकली. सीटवर बूड टेकायला दोन-तीन वर्षं जायची.

सायकल घरात आली की सोबत सरकारही यायचं. नगरपालिका सायकलवर कर घेई आणि त्याचा बिल्ला देई, तो फ्रेमला बांधायचा. रात्री दिवा हवा. आधी रॉकेलचा, मग टायरला घासून फिरणारा डायनामो. विनादिव्याची किंवा डबलसीट सायकल चौकात पोलिसानं धरली की त्याचा पहिला हात चाकातल्या हवेवर. हे सगळं कटकटीचं, पण बिल्ल्याला एक मान होता. बिल्ला म्हणजे सायकल कागदोपत्रीही आपली.

भुसावळबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कामावरची सायकल या शहरानं जेवढी वापरली तेवढी खान्देशात दुसऱ्या कुणी वापरली नसेल. रेल्वे, १९४९ चा आयुध निर्माणी कारखाना, पुढं जवळच वरणगावचा दुसरा, दीपनगरचं वीज केंद्र. पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई आणि घंट्यांचा एकच कालवा. फाटकातल्या स्टँडमध्ये शेकडो सायकली, सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. आपली कोणती हे ओळखायचं कसं? इथून सजावट सुरू होते असं मला वाटतं. कुणी हँडलच्या मुठींना रंगीत प्लॅस्टिकच्या झिरमिळ्या लावी. कुणी सीटला गोंड्यांचं रेक्झिन कव्हर. तारांमध्ये मणी, हबभोवती फिरताना धूळ पुसणारं केसाळ कडं, मागच्या मडगार्डाच्या रबरी पट्टीवर मुलाचं नाव. खूण म्हणून आलेली गोष्ट हौस होऊन बसली, आणि मग स्टँडमध्ये कुणाची सायकल जास्त नटली याची आपसात चढाओढ.

याच शहरात ‘कॉलबॉय’ नावाचा माणूस असे. मालगाडीच्या ड्रायव्हर-गार्डना ड्युटी कधी लागेल याचा नेम नसे, फोन घरोघरी नव्हते. मग कॉलबॉय वही घेऊन सायकलवर निघायचा, रात्री दोनला क्वार्टरचं दार वाजवायचा, ड्युटीची वेळ सांगायचा आणि वहीवर सही घ्यायचा. त्या सायकलची घंटी ऐकली की आळीतली कुत्री आधी आणि बायका नंतर जाग्या होत, असं रेल्वेतली मंडळी सांगतात. डब्यात काय द्यायचं, हा प्रश्न त्या घंटीबरोबरच यायचा.

रेल्वेची आणि टपालाची सायकल सरकारी हिशेबातही टिकून राहिली. सातव्या वेतन आयोगानं सायकल भत्ता बंद करा असं सुचवलं होतं. २०१७ मध्ये सरकारनं पोस्टमन आणि रेल्वेच्या ट्रॅकमनसाठी तो ठेवला, वर दुप्पट केला : महिना ९० चे १८० रुपये. रुळाच्या कडेनं सायकल हाकत जाणारा हा ट्रॅकमन, म्हणजे जुना गँगमन, कुठल्याही स्टेटसवर दिसत नाही, पण कामावर सायकलनं जाणारा अधिकृत माणूस कुणी असेल तर तोच.

मिरवण्याचा खरा दिवस दसरा. खंडेनवमी-दसऱ्याला शेतकरी अवजारं पुजतो, तसा कामगार सायकल पुजतो. आदल्या दिवशी मडगार्ड काढून धुणं, चेन रॉकेलमध्ये बुडवून साफ करणं, रिमला राखेनं चमक. सकाळी हळद-कुंकू, झेंडूचा हार, हँडलला आपट्याची पानं. त्या दिवशी कामाला सुट्टी असे, तरीही सायकल बाहेर निघायची, चौकापर्यंत का होईना. बैलाला पोळ्याला मिरवतात, त्याच जातीचा हा प्रकार. वर्षभर राबली, एक दिवस नटली.

दुसरी मिरवणूक लग्नातली, आणि ती तेवढी गोड नाही. सायकल, घड्याळ, रेडिओ ही जावयाची ठरलेली मागणी. मांडवात हार घालून उभी केलेली नवी सायकल सगळ्यांना दिसे, तिच्यासाठी काढलेलं कर्ज दिसत नसे. १९६१ मध्ये हुंडाबंदीचा कायदा आला, तरी सायकल बरीच वर्षं ‘भेट’ या नावानं मांडवात येतच राहिली. पुढं तिची जागा मोटरसायकलनं घेतली.

मोटरसायकलच्याही आधी लुना आली, १९७२ मध्ये. पायडल तसंच, वर इंजिन. शिक्षक आणि कारकून आधी तिकडे वळले. १९८० च्या दशकात दूधवाले एम-एटीवर गेले आणि सायकलला दोन्ही बाजूंनी लटकणारे कॅन दिसेनासे झाले. तासावर भाड्यानं सायकल देणारी दुकानं एकेक करून मोबाइल रिचार्जची झाली. ‘सायकलवर येतो’ हे वाक्य कौतुकाचं होतं ते हळूहळू कीव करण्याचं झालं. मुलीसाठी स्थळ बघताना ‘मुलगा अजून सायकलवरच आहे’ असं कुणी म्हटलं की बोलणं तिथंच थांबे.

सायकल गेली मात्र नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळपास ४५ टक्के घरांत सायकल होती. धुळे-नंदुरबारकडच्या मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या, आणि सकाळी रस्त्यावरून रांगेनं जाणाऱ्या मुली हे आजचं सर्वात मोठं सायकल-दृश्य आहे. फोटो त्यांचाही निघतो, वाटपाच्या दिवशी, पाहुण्यांसोबत. त्यानंतरच्या रोजच्या पाच किलोमीटरचा निघत नाही.

नवी हौस आली ती २०२० च्या आसपास. टाळेबंदीत जिम बंद, रस्ते मोकळे. योगायोग असा की त्याच वर्षी ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनालाच, ॲटलसच्या साहिबाबादच्या कारखान्याचं काम थांबलं. कामगारांना घेऊन जाणारी सायकल बनवणारा कारखाना बंद पडतो आणि गिअरच्या सायकलीसाठी गिऱ्हाइकाला महिनाभर थांबावं लागतं, हे एकाच काळात घडलं. रविवारी मेहरूण तलावाला किंवा लळिंगाच्या किल्ल्यापर्यंत चक्कर मारणारे गट वाढले, त्यातले काही जण सोमवारीही सायकल काढू लागले. कामावर सायकलनं जाण्याचे दिवस साजरे करणं ही चाल परदेशातली. अमेरिकेत १९५६ पासून मे हा सायकलचा महिना मानतात, ब्रिटनमध्ये १९९९ पासून कामासाठी सायकल घेतली तर करात सूट मिळते. मे महिना ज्यानं निवडला त्यानं भुसावळचा मे पाहिला नव्हता, हे उघड आहे. आमच्याकडे असा दिवस करायचाच तर तो डिसेंबरात करावा, सकाळी भरताच्या वांग्यांचे हारे बाजारात येतात तेव्हा.

या नव्या स्वारांची मिस्तरींशी गाठ पडली तेव्हा मजा झाली. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला जुने पाने लागत नाहीत, डिस्क ब्रेकला कुणी तेल घालून ठेवतं. पण आता उलटंही घडतंय. दोन-तीन हजार किलोमीटर गिअरची सायकल चालवून झाली की काही जणांना वडिलांची चोवीस इंची आठवते. माळ्यावरून, गोठ्यातून, भंगारवाल्याकडून ती निघते. छर्रे बदलतात, रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढतात, नवा क्रोम करतात. मग तीच सायकल एके सकाळी ऑफिसच्या भिंतीला लागते आणि कार्बनच्या सायकलीपेक्षा तिला जास्त दाद मिळते.

माझ्याकडे आजोबांची आहे. धुळ्याच्या एका मिस्तरीकडे नेली. तो म्हणाला, ‘भो, रंग मारू नको, वाया घालवशील.’ जुन्या काळ्या रंगावर बारीक सोनेरी रेघा होत्या, ब्रशनं हातानं ओढलेल्या. अर्ध्या पुसल्या होत्या. त्या पुन्हा कोण ओढून देईल विचारलं, तर त्यानं पलीकडच्या दुकानाकडे बोट दाखवलं. तिथं गाड्यांच्या नंबर प्लेटी करतात. सोनेरी रेडियमची पट्टी मीटरवर मिळते.