गृहविज्ञानातून नेट-सेट: फॉर्म भरला जातो, अडतं कागदपत्र तपासणीला

कॉलेजात अन्न व पोषण किंवा आहारशास्त्र शिकवायचं असेल तर सहायक प्राध्यापकपदाची किमान अट नेट ही राष्ट्रीय किंवा सेट, स्लेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षा पास होण्याची आहे. १ जुलै २०२३ पासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, या पदासाठी पीएचडी ऐच्छिक केली. त्यामुळे हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन म्हणून काम करणाऱ्या अनेकजणी आता शिकवण्याकडे वळण्याचा विचार करत आहेत. नेटचा फॉर्म ऑनलाइन असतो आणि भरायला तासभरही लागत नाही. गोची अशी की तुम्ही भराल ते सगळं तो निमूटपणे घेतो. टक्के, प्रवर्ग, पदवी काहीही टाका, प्रवेशपत्र येतं, परीक्षा होते, निकालही लागतो. उमेदवारी मात्र तोपर्यंत तात्पुरतीच असते. कागद खऱ्या अर्थाने उघडले जातात ते संशोधनाच्या फेलोशिपच्या वेळी किंवा कॉलेजच्या मुलाखतीत, आणि तिथे पास झालेला माणूस अपात्र ठरतो. फॉर्म स्वीकारला गेला म्हणजे आपण पात्र आहोत, असा अर्थ कुणीही काढू नये.

सगळ्यात जास्त जणी अडकतात त्या पदविकेवर. बी.एस्सी. गृहविज्ञान आणि त्यावर आहारशास्त्राची पदव्युत्तर पदविका, म्हणजे पीजी डिप्लोमा, एवढ्यावर हॉस्पिटलची नोकरी मिळते. नेटला मात्र पदव्युत्तर पदवी लागते. नावात 'पदव्युत्तर' आहे म्हणून पदविका चालेल असं गृहीत धरू नका. तुमची पदविका एम.एस्सी.शी समकक्ष आहे की नाही, हे असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडून तपासून घेण्याची जबाबदारी नियमाने उमेदवारावरच टाकली आहे. एक वर्षाच्या पदविकेवर भरवसा ठेवून फी भरण्यापेक्षा आधी एम.एस्सी. पूर्ण केलेली बरी. नव्या शैक्षणिक धोरणातली चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवली असेल तर नेटमधून पीएचडी प्रवेशाची वाट खुली होते. सहायक प्राध्यापकपदासाठी ती पदवी पुरत नाही. हा फरक माहितीपत्रकात स्पष्ट दिलेला असतो, पण पात्रतेचं ते पान फारसं कुणी वाचत नाही.

पुढचा प्रश्न टक्क्यांचा. खुल्या प्रवर्गाला एम.एस्सी.ला ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना ५० टक्के. ईडब्ल्यूएसला, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाला, इथे सवलत नाही, त्यांनाही ५५च. ईडब्ल्यूएसला फी कमी आणि फेलोशिपमध्ये आरक्षण आहे, म्हणून टक्केही कमी असतील असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. पूर्णांकात फिरवणं चालत नाही. ५४.९७ म्हणजे ५४.९७च, त्याचे ५५ होत नाहीत.

श्रेणी पद्धत असलेल्या गुणपत्रिकेवर टक्के नसतात, सीजीपीए म्हणजे श्रेणींचा सरासरी गुणांक असतो, आणि तिथे घोळ होतो. काही विद्यापीठं सीजीपीएला सरळ दहाने गुणतात. काही ठिकाणी आधी ०.७५ वजा करून मग गुणतात. ६.२ सीजीपीए पहिल्या पद्धतीने ६२ टक्के होतो आणि दुसऱ्या पद्धतीने ५४.५. तोच निकाल, पण एकीकडे तुम्ही निवांत पात्र आणि दुसरीकडे अर्ध्या टक्क्याने बाहेर. म्हणून मैत्रिणीचं सूत्र किंवा इंटरनेटवरचा कॅल्क्युलेटर वापरू नका. तुमच्या विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असतं का ते बघा. नसेल तर परीक्षा विभागाकडून रूपांतराचं पत्र घ्या. हे पत्र मिळायला किती दिवस लागतील ते विद्यापीठाच्या खिडकीवर कुणी सांगत नाही, त्यामुळे जाहिरात येण्याची वाट पाहत बसू नका.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असाल तरी अर्ज करता येतो. मात्र नेटचा निकाल लागल्यापासून दोन वर्षांच्या आत पदवी, तीही आवश्यक टक्क्यांसह, पूर्ण व्हायला हवी. एटीकेटी राहिली की ही मुदत कधी संपली ते कळत नाही.

आता महाराष्ट्रातल्या उमेदवारांची खास अडचण. नेट ही केंद्राची परीक्षा आहे आणि तिथे ओबीसी म्हणजे केंद्राच्या यादीतले ओबीसी. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) हे राज्याचे प्रवर्ग नेटच्या फॉर्मवर नाहीत. विमुक्त-भटक्यांतल्या (व्हीजेएनटी) बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण सगळ्याच आहेत असं समजू नका. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर महाराष्ट्राच्या यादीत आपली जात दाखल्यावरच्या स्पेलिंगनुसार शोधा. तिथे नसेल तर खुला प्रवर्गच भरावा लागतो, आणि मग टक्क्यांची अटही ५५ची होते. ५२ टक्के असलेल्या मुलीने राज्याचा दाखला जोडून ओबीसी भरलं आणि जात केंद्राच्या यादीत नसली, तर ती परीक्षेलाच पात्र नव्हती असा अर्थ होतो.

दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला लागतो. सेतू किंवा आपले सरकार केंद्रावर नुसतं "नॉन-क्रीमीलेअर पाहिजे" म्हटलं की राज्याच्या नमुन्यातला हातात पडतो. "केंद्र सरकारसाठीचा ओबीसी दाखला" असं स्वच्छ सांगा आणि पावतीवर तसं लिहिलंय का ते बघूनच खिडकी सोडा. राज्याचा नॉन-क्रीमीलेअर दाखला तीन वर्षांपर्यंत चालू शकतो, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा कागद बिनदिक्कत पुढे केला जातो. केंद्रासाठी १ एप्रिलनंतरचा, म्हणजे चालू आर्थिक वर्षातला दाखला हाताशी ठेवा. ईडब्ल्यूएस दाखल्याचंही तेच, तो आर्थिक वर्षापुरताच असतो. मार्चअखेरीस धावपळ करून काढलेला दाखला काही दिवसांतच जुना होतो.

या सगळ्यात ज्यांचं केंद्राच्या यादीवर अडतं त्यांनी सेटकडे जरूर बघावं. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि तिथे राज्याचे प्रवर्ग चालतात. मर्यादा एवढीच की या सेटवर याच दोन राज्यांत सहायक प्राध्यापक होता येतं, आणि फेलोशिप मिळत नाही. इथेच नोकरी करायची असेल तर त्याने फारसं बिघडत नाही.

फेलोशिपच्या, म्हणजे जेआरएफच्या, वयाची अट ३० वर्षांची. महिलांना पाच वर्षांची सूट आहे आणि ती प्रवर्गावर अवलंबून नाही. लग्न-बाळंतपणामुळे मधली वर्षं गेलेल्या कित्येकजणी ३२-३३व्या वर्षी "आता वय गेलं" म्हणून फक्त सहायक प्राध्यापक हा पर्याय निवडतात आणि फेलोशिप हातची घालवतात. १ जानेवारी २०२३ पासून फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आहे. वय कोणत्या तारखेला मोजायचं ती तारीख प्रत्येक परीक्षेच्या माहितीपत्रकात वेगळी दिलेली असते, मागच्या वेळची गृहीत धरू नका. फक्त सहायक प्राध्यापकपदासाठी वयाची अट नाही.

नावाचा घोळ वेगळाच. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एम.एस्सी.ला लग्नानंतरचं नाव. फॉर्मवर दहावीप्रमाणे नाव भरा. पुढच्या कागदांवर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र तयार ठेवा. परीक्षा केंद्रावर मूळ ओळखपत्र लागतं, मोबाइलमधला फोटो दाखवून आत सोडत नाहीत.

विषय म्हणून गृहविज्ञान निवडायचं, संकेतांक १२. पण अभ्यासक्रमाच्या दहा घटकांपैकी थेट आपले दोनच: अन्नशास्त्र व अन्नसेवा व्यवस्थापन, आणि पोषण व आहारशास्त्र. बाकी वस्त्रशास्त्र, गृहसजावट, बालविकास, विस्तारकार्य. क्लिनिकल न्यूट्रिशन शिकून आलेल्यांना कापडाच्या विणीवर प्रश्न येतात तेव्हा घाम फुटतो. दोन पेपर मिळून प्रश्न १५०, गुण ३००, वेळ सलग तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

फोटो, सही वगैरे माहितीपत्रकात दिलेल्या आकारात बसवा. मोबाइल नंबर आणि ईमेल मात्र स्वतःचाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. दुरुस्तीची खिडकी उघडते तेव्हा हे दोन सहसा बदलू देत नाहीत, आणि पुढचे सगळे ओटीपी त्यावरच येतात. पैसे खात्यातून गेले म्हणजे अर्ज झाला असं नाही. पुष्टीपत्राचं पान तयार झालं तरच अर्ज पूर्ण. ते आलं नसेल तर पैसे परत येतात आणि अर्ज राहून जातो. शेवटच्या रात्री हेच होतं, म्हणून दोन-तीन दिवस हातात ठेवून फी भरा. ते पान उतरवून ठेवा, पोस्टाने कुठेही पाठवायचं नसतं.