ॲलन फ्रीड आणि गाण्यामागचा पैसा : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

रेडिओ मिर्चीचे पहिले केंद्र ४ ऑक्टोबर २००१ रोजी इंदुरात सुरू झाले आणि मालवा हाउसमधून येणाऱ्या आकाशवाणीच्या संयत निवेदनाला सरावलेल्या या शहराला ‘आर.जे.’ नावाचा बोलघेवडा सोबती मिळाला. तेव्हापासून इथल्या मराठी घरांत एक तक्रार अधूनमधून कानी पडते : तीच ती गाणी दिवसभर का वाजतात, ती निवडतो कोण, आणि त्यामागे कुणाचा पैसा असतो का? या प्रश्नाची मोठी जाहीर चौकशी अमेरिकेत १९५९-६० मध्ये झाली. तिची सर्वांत जबर किंमत ज्याने मोजली, त्या ॲलन फ्रीड या रेडिओ निवेदकाची कारकीर्द समजून घेतल्याशिवाय हा वाद नीट कळत नाही.

पेनसिल्व्हेनियात १९२१ मध्ये जन्मलेला फ्रीड ॲक्रनच्या केंद्रावर नाव कमावून क्लीव्हलँडला आला. तेथील तबकड्यांच्या दुकानाचा मालक लिओ मिंट्झ याच्या ध्यानात आले होते की, कृष्णवर्णीय कलावंतांच्या ‘रिदम अँड ब्लूज’ या संगीतप्रकाराच्या तबकड्या गोरी मुलेही विकत घेत आहेत. त्याच्या आग्रहावरून फ्रीडने जुलै १९५१ पासून डब्ल्यूजेडब्ल्यू केंद्रावर रात्री उशिरा ही गाणी लावायला सुरुवात केली. याच गाण्यांच्या गोऱ्या गायकांनी गायलेल्या सौम्य आवृत्त्या वाजवण्याकडे इतर केंद्रांचा कल असताना तो मूळ गायकांचाच आवाज ऐकवत राहिला, आणि त्याचे खरे कर्तृत्व माझ्या मते इथे आहे. ‘रॉक अँड रोल’ हे शब्द आधीपासून प्रचारात होते; पण या संगीताचे नाव म्हणून ते घरोघरी पोहोचवले फ्रीडने.

वाद मात्र पहिल्या वर्षापासूनच त्याच्या मागे लागले. २१ मार्च १९५२ रोजी क्लीव्हलँड अरेनात त्याने योजलेल्या कार्यक्रमाला सभागृहाच्या क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक लोक लोटले, दारे मोडली आणि कार्यक्रम सुरू होताच अधिकाऱ्यांनी तो बंद पाडला. १९५४ मध्ये तो न्यूयॉर्कच्या डब्ल्यूआयएनएस केंद्रावर गेला, तेव्हा तो स्वतःसाठी वापरत असलेल्या ‘मूनडॉग’ या नावाने आधीपासून वावरणाऱ्या लुई हार्डिन या अंध संगीतकाराने दावा लावला आणि न्यायालयाच्या निकालामुळे फ्रीडला ते नाव सोडावे लागले. १९५७ मध्ये एबीसी दूरचित्रवाणीवरील त्याच्या कार्यक्रमात फ्रँकी लायमन हा कृष्णवर्णीय किशोर गायक एका गोऱ्या मुलीबरोबर नाचताना दिसला. दक्षिणेतील संलग्न केंद्रांनी गहजब केला आणि तो कार्यक्रम अल्पावधीत बंद झाला. मे १९५८ मध्ये बोस्टन येथील कार्यक्रमानंतर हाणामारी झाल्यावर त्याच्यावर दंगलीस चिथावणी दिल्याचा आरोप ठेवण्यात आला. तो आरोप नंतर मागे घेतला गेला, परंतु केंद्र पाठीशी उभे न राहिल्याने त्याने डब्ल्यूआयएनएसचा राजीनामा दिला होता.

त्यानंतर आले ‘पेओला’ प्रकरण. गाणे वाजवण्यासाठी तबकड्यांच्या कंपन्यांनी निवेदकांना पैसे किंवा भेटी देणे ही त्या धंद्यातली उघड गोष्ट होती आणि तोवर त्याविरुद्ध स्वतंत्र केंद्रीय कायदा नव्हता. आपण कधीही असा पैसा घेतला नाही, अशा निवेदनावर सही करण्यास फ्रीडने नकार दिला आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये तो तेव्हा ज्या केंद्रावर होता त्या डब्ल्यूएबीसीने त्याला काढून टाकले. डिक क्लार्क हा दुसरा लोकप्रिय निवेदक संगीत व्यवसायातील आपले हितसंबंध विकून संसदीय समितीपुढे गेला आणि शाबासकी घेऊन परतला. फ्रीडवर न्यूयॉर्क राज्याच्या व्यापारी लाचखोरीविरोधी कायद्याखाली खटला चालला. डिसेंबर १९६२ मध्ये त्याने दोन आरोप कबूल केले, तेव्हा दंड झाला अवघा ३०० डॉलरचा. पण नोकरी, प्रतिष्ठा आणि प्रकृती तिन्ही तोवर गेली होती. १९६४ मध्ये प्राप्तिकर चुकवल्याचा आरोप आला आणि २० जानेवारी १९६५ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला.

त्याला केवळ बळी ठरवणे मला मान्य नाही. कृष्णवर्णीय गायक चक बेरीच्या १९५५ मधील ‘मेबेलीन’ या गाण्याच्या श्रेयात सहलेखक म्हणून फ्रीडचे नाव घालण्यात आले होते, ते गाणे त्याने लिहिले नसतानाही. बेरीला पूर्ण श्रेय परत मिळायला १९८६ उजाडावे लागले. ज्या कलावंतांसाठी त्याने दारे उघडली, त्यांच्याच मिळकतीत त्याने वाटा घेतला. तरीही सगळ्या धंद्याचे पाप एकट्याच्या माथी मारले गेले आणि गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांना एका सभागृहात आणल्याचा राग त्यात मिसळलेला होता, हे नाकारता येत नाही.

त्याच दशकात आपल्याकडे गाणी गाळण्याचे काम सरकार करत होते. नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, १९५२ पासून बुधवारच्या रात्री अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ ऐकू लागले, आणि अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. गीतमालेतला गाण्यांचा क्रम तबकड्यांच्या विक्रीबरोबर श्रोता संघांच्या पसंतीवरही ठरत असे. श्रोत्याला निवडीत वाटा देणारी ही पद्धत मला आजही मोलाची वाटते.

अमेरिकेत १९६० च्या कायद्याने, गाण्यासाठी पैसे घेतले असल्यास ते प्रसारणातच जाहीर करणे बंधनकारक केले. तरीही याच प्रकारच्या आरोपांवरून २००५ मध्ये सोनी बीएमजी या संगीत कंपनीला न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांशी १ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. भारतातील खासगी एफएमपुढचा मोठा झगडा उलट दिशेच्या पैशाचा होता : गाणी वाजवल्याबद्दल केंद्रांनी संगीत कंपन्यांना किती द्यायचे? ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने तो दर निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के ठरवला.